बंद घरातील शेगडी आणि वायुसूचक यंत्र

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके होत. पावसाळ्यात येथे कित्येक दिवस उघडीप मिळत नाही, आणि पौष-माघात डोळखांब, टोकावडे यांसारख्या भागांत पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो. अशा दिवसांत उबेसाठी घरात कोळशाची शेगडी ठेवण्याची वहिवाट जुनी आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवली जाणारी शेक-शेगडी हा त्याच वहिवाटीचा भाग होय. ही शेगडी आजच्या बंदिस्त घरात जिवावर बेतू शकते. ते कसे, आणि त्यावर उपाय कोणते, याची माहिती या लेखात दिली आहे.

घर बदलले, शेगडी तीच राहिली

या भागातील जुने घर कारवीच्या कुडाचे असे. कुड शेणामातीने लिंपलेला असला तरी त्यास फटी राहत. वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर असे व त्यातून धूर सहज निघून जाई. घर गार पडे हे खरे. परंतु त्यात हवा सतत खेळती राहत असे. आता गावोगाव विटा-सिमेंटची पक्की घरे उभी राहिली आहेत. छताला फट नाही, खिडकीस काच आहे, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडकीवर प्लॅस्टिकचा कागदही ताणला जातो. पक्के घर ही प्रगतीच आहे. मात्र कुडाच्या घरात जी शेगडी निभावून गेली, ती या घरातही निभावेल, असे मानणे चुकीचे आहे.

विषारी वायू कसा निर्माण होतो?

लाकूड, कोळसा, गोवऱ्या, रॉकेल, डिझेल किंवा गॅस यांपैकी कोणतेही इंधन भरपूर हवेत जळाले, म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होऊ लागतो. शेगडीत कोळशाचा थर जाड असल्यास तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तप्त निखाऱ्यांतून जाताना कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतरित होतो. निखाऱ्यांवर कधी कधी जी निळसर ज्योत खेळताना दिसते, ती हाच वायू जळत असल्याची खूण होय. ज्योत विझून निखाऱ्यांवर राख धरू लागली, म्हणजे हा वायू न जळताच खोलीत पसरतो.

या वायूस रंग नाही, वास नाही, चवही नाही. अंगणात धूर जाऊ द्यावा व निखारे लाल फुलल्यावर शेगडी आत आणावी, असा पुष्कळ घरांत रिवाज आहे. धूर गेला म्हणजे धोका गेला, ही समजूत त्यामागे असते. वस्तुतः धुराने खोकला येतो, डोळे चुरचुरतात व मनुष्य जागा होऊन बाहेर पडतो. निखाऱ्यांचा वायू अशी कोणतीच सूचना देत नाही. झोपलेला मनुष्य झोपेतच बेशुद्ध होतो.

शरीरावर होणारा परिणाम

रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड या द्रव्यास प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदू व हृदय यांना प्राणवायू मिळेनासा होतो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २०० भाग असल्यास दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. ८०० भाग असल्यास पाऊण तासात चक्कर व मळमळ येते आणि दोन तासांच्या आत शुद्ध हरपू शकते. १,६०० भागांत एक-दोन तासांत मृत्यू ओढवू शकतो. गर्भवती स्त्रिया, पोटातील गर्भ, तान्ही मुले, वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका अधिक असतो.

हा अपघात केवळ गरिबाच्या घरी घडतो असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे थंडीसाठी खोलीत गॅसचा हीटर लावून, दारे-खिडक्या बंद करून झोपलेले केरळातील आठ पर्यटक मृत्युमुखी पडले. त्यांत चार मुले होती.

सूचक यंत्राचे कार्य

जो वायू नाकाला कळत नाही, तो ओळखण्यासाठी पूर्वी ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेत. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात ही युक्ती सुचविली. लहान पक्ष्यावर वायूचा परिणाम माणसाआधी होतो, हे तिचे तत्त्व होते. १९८६ पासून तेथे पक्ष्यांची जागा विजेवर चालणाऱ्या उपकरणांनी घेतली. तसेच काम करणारे लहान घरगुती यंत्र आज बाजारात ‘सीओ डिटेक्टर’ किंवा ‘सीओ अलार्म’ या नावाने मिळते.

यंत्र वायूचे प्रमाण व काळ या दोहोंचा हिशेब ठेवते. युरोपीय मानकानुसार दहा लाखांत ५० भाग वायू असल्यास ६० ते ९० मिनिटांत, १०० भाग असल्यास १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० भाग असल्यास ३ मिनिटांच्या आत भोंगा वाजला पाहिजे. म्हणून शेगडी पेटवताच भोंगा वाजला नाही, तर यंत्र बिघडले असे समजू नये. तसेच खोली सुरक्षित आहे असेही समजू नये. खरेदी करताना यंत्रावर ‘ईएन ५०२९१’ किंवा ‘यूएल २०३४’ या मानकाचा उल्लेख पाहावा. पावसाळ्यात वीज वारंवार जात असल्याने बॅटरीवर चालणारे यंत्र अधिक सोयीचे ठरते.

स्वयंपाकाच्या गॅसची गळती दाखविणारे यंत्र निराळे, व धूर ओळखणारे यंत्रही निराळे. एकाचे काम दुसरे करीत नाही.

यंत्र कोठे व कसे बसवावे?

(१) माणसे जेथे झोपतात, त्या खोलीस पहिला मान द्यावा. तेथे यंत्र साधारणपणे झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर बसवावे.

(२) ज्या खोलीत इंधन जळते, तेथे ते चूल किंवा शेगडीपासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरवर, भिंतीवर उंच, परंतु छतापासून सुमारे १५ सेंटिमीटर खाली लावावे.

(३) चुलीच्या थेट वर, खिडकीलगत, पडद्यामागे, कपाटात किंवा मोरीच्या वाफेत यंत्र लावू नये.

(४) चाचणीची कळ महिन्यातून एकदा तरी दाबून पाहावी. कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. यंत्राजवळ कीटकनाशक फवारू नये.

(५) यंत्रातील संवेदक कायम टिकत नाही. यंत्रावर छापलेली मुदत संपताच, कळ दाबल्यावर आवाज येत असला तरी, यंत्र बदलावे.

यंत्र बसविले म्हणून बंद खोलीत शेगडी ठेवण्यास मोकळीक मिळते, असा अर्थ मुळीच घेऊ नये. यंत्र केवळ सावध करते. वायू बाहेर घालवीत नाही. बाळंतिणीस व बालकास ऊब हवी, हे योग्यच आहे. त्यासाठी विस्तव बाहेर ठेवून, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी बाळंतिणीस द्यावी. तिची उष्णता आधी हाताला पाहून घ्यावी. बालकास आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे.

कुक्कुटपालक व इंजिनधारक यांच्यासाठी

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यासाठी शेडचे पडदे सोडून कोळशाची बुखारी पेटविली जाते, आणि राखणदार अनेकदा तेथेच झोपतो. असे झोपणे कटाक्षाने टाळावे. पडद्यांच्या वरच्या बाजूस हवेसाठी मोकळी जागा ठेवावी. पिल्ले एकाएकी सुस्त पडू लागली, तर कारण शोधत आत थांबू नये. प्रथम पडदे उघडून बाहेर यावे. घरगुती यंत्र शेडमधील धूळ व दमट हवेत नीट चालेलच असे नाही. ते राखणदाराच्या झोपण्याच्या खोलीत असावे.

डिझेल इंजिन किंवा जनरेटर घरात, पडवीत अथवा विहिरीच्या आत चालवू नये. विहिरीत उतरण्यापूर्वीच्या तपासणीस हे घरगुती यंत्र उपयोगी नाही. कारण तेथे प्राणवायूची उणीव किंवा इतर वायू यांमुळेही मृत्यू येऊ शकतो.

भोंगा वाजल्यास

घरातील सर्वांनी, झोपलेल्यांना उठवून, ताबडतोब बाहेर यावे. वाटेत दार-खिडकी सहज उघडता आली तर उघडावी. कोणी बेशुद्ध असल्यास मोकळ्या हवेत आणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णास शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. खोलीत शेगडी होती, हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. डोकेदुखी, ओकारी व ग्लानी ही लक्षणे पित्ताची किंवा तापाचीही वाटतात. एकाच घरातील अनेकांना ती एकाच वेळी झाली आणि बाहेर येताच उतरू लागली, तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्यावा.

आशा व अंगणवाडी सेविकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बोटाला लावण्याचा नेहमीचा ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवितो. वायू चिकटलेले रक्तही त्यास प्राणवायूयुक्तच भासते, आणि रुग्ण अत्यवस्थ असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. त्या आकड्यावर विसंबून रुग्णास घरी ठेवू नये. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे दीड तास पुरतो. रुग्णालयात नेण्याची घाई यासाठीच आहे.

गावपातळीवरील काम

प्रत्येक घराने यंत्र घ्यावे हे उत्तम. ते शक्य नसेल तेथे गावाने किंवा महिला बचत गटाने दोन-तीन यंत्रे घेऊन, ज्या घरी बाळंतपण झाले असेल त्या घरी सव्वा महिना फिरती ठेवण्यास हरकत नाही. कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी तीन प्रश्न विचारावेत: रात्री शेगडी कोठे असते? त्या खोलीची कोणती खिडकी उघडी राहते? इंजिन कोठे चालते? या प्रश्नांस खर्च लागत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘बाहेर’ असे येऊ लागेल, तेव्हाच यंत्र घेण्याचे खरे चीज होईल.