खरखरीत प्लॅस्टिकवर रंग टिकतो कसा?

लोखंडी पत्र्यावर ज्यांचा हात बसला आहे, अशा अनेक जुन्या मोटार-रंगाऱ्यांना अलीकडे एक वेगळाच अनुभव येतो. बंपरवर अथवा चाकावरील काळ्या कडेवर काळजीपूर्वक चढविलेला रंग एका पावसाळ्यातच पोपडे धरून सुटू लागतो. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते, काम पुन्हा करावे लागते आणि रंगाचे पैसे व मजुरी पदरची जाते. दोष मात्र रंगाच्या डब्यावर ठेवला जातो. वस्तुतः तो बहुधा रंगापूर्वीच्या तयारीत असतो. ही तयारी कशी करावी, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगितले आहे.

पदार्थाची ओळख

आजचे बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकमध्ये रबरसदृश पदार्थ मिसळून बनविलेले असतात. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नात्ता यांनी १९५४ साली या प्लॅस्टिकचा उपयुक्त प्रकार सिद्ध केला. बहुवारिकांच्या रसायनशास्त्रातील कार्याबद्दल त्यांना व जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे प्लॅस्टिक हलके व चिवट असून साध्या तापमानास थिनरने विरघळत नाही. त्याचा हा गुणच रंगाऱ्याची अडचण ठरतो. अळूच्या पानावर पाणी जसे पसरत नाही, तसा त्याच्या पृष्ठभागावर रंग नीट पसरून धरत नाही.

म्हणून प्रथम भागाची मागील बाजू पाहावी. तेथे पीपी, एबीएस अशी रोमन अक्षरे उमटविलेली असतात. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनचा तुकडा पाण्यावर तरंगतो व एबीएसचा बुडतो. तथापि भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते, यास्तव अक्षरांवरच अधिक भिस्त ठेवावी. एबीएसवर रंग सहज धरतो. परंतु तीव्र थिनरने त्यास बारीक तडे जातात.

स्वच्छता व घासणी

दाणेदार पृष्ठभागाच्या खळग्यांत साचातून भाग सुटावा म्हणून लावलेले द्रव्य, रस्त्यावरील तेल आणि चमक आणणाऱ्या पॉलिशमधील सिलिकोन दडलेले असते. काचकागद केवळ दाण्यांच्या माथ्यावर फिरतो. खळग्यांपर्यंत तो पोहोचत नाही. म्हणून आधी साबणाचे कोमट पाणी व मऊ ब्रश वापरून भाग धुवावा, स्वच्छ पाण्याने खळबळावा आणि पूर्ण सुकवावा. त्यानंतर प्लॅस्टिकसाठीच्या सफाई-द्रवाने पुसावे. एका फडक्याने द्रव लावावा व तो वाळण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. पेट्रोलचा वापर करू नये. आगीचा धोका तर असतोच, शिवाय रबराचा अंश फुगतो.

मळ काढण्यापूर्वी घासू नये, कारण तेल अधिकच आत दाबले जाते. स्वच्छतेनंतर नायलॉनच्या करड्या घासणीने सर्वत्र हलका हात फिरवून चकाकी घालवावी व भाग पुन्हा पुसून घ्यावा. जोराने घासल्यास दाणा झिजतो आणि पॉलिप्रॉपिलीनला केसांसारखे तंतू सुटतात.

रंगाचे हात

आता आसंजक द्रव, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘प्लॅस्टिक प्रायमर’, याचा पातळ हात फवारावा. पुढचा हात डब्यावर लिहिलेल्या मुदतीतच द्यावा; मुदत टळल्यास पकड कमी होते. मूळचा दाणा राखावयाचा असल्यास लांबी अथवा जाड प्रायमर वापरू नये. रंग लवचीक असावा व एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत. कोकण-गोव्याच्या दमट हवेत पावसाळी दिवशी रंगकाम टाळावे, कारण रंगावर पांढुरकी झाक येते.

एअरबॅगचे झाकण मात्र कधीही रंगवू नये. तसेच ज्या बंपरमागे रडार अथवा अंतरमापक यंत्रणा असेल, तेथे उत्पादकाच्या सूचनेवाचून रंग चढवू नये.

आरोग्याची काळजी

दोन भागांच्या रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्यामुळे कायमचा दमा जडू शकतो आणि घातक प्रमाणातही त्याचा वास न येण्याचा संभव असतो. तोंडाला रुमाल बांधून हे संकट टळत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा, हातमोजे व वारा खेळता असलेली जागा यांची सोय नसेल, तर असा रंग फवारूच नये. शिकाऊ मुलांच्या बाबतीत हा नियम विशेष कटाक्षाने पाळला जावा.

वर्गातील प्रयोग

शिक्षकांनी एक टाकाऊ बंपर घ्यावा. त्याचा अर्धा भाग केवळ पुसून रंगवावा, उरलेला वरील पद्धतीने तयार करून रंगवावा. आठवड्यानंतर दोन्हीकडे धारदार पात्याने आडव्या-उभ्या सहा-सहा रेघा सुमारे २ मिलिमीटर अंतराने ओढाव्यात. त्यांवर चिकटपट्टी घट्ट दाबावी व एका झटक्यात ओढून काढावी. कोणत्या बाजूचा रंग पट्टीस चिकटून आला, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे व वहीत नोंदवावे. तयारीसाठी घालविलेला वेळ वाया जात नाही, हे त्यांच्या मनावर कायमचे ठसेल. पुढे स्वतःचे दुकान थाटल्यावर तक्रारीचे काम फुकट करून देण्याची पाळीही त्यांच्यावर सहसा येणार नाही.