संगणकाची वीजपेटी बदलताना



विहिरीवरची मोटार बंद पडली की ती जळाली असे आपण लगेच म्हणत नाही. आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, मग केबल. घरातल्या संगणकाचे मात्र तसे होत नाही. तो बंद पडला की मोटारसायकलवर घालायचा आणि मंचर नाहीतर नारायणगाव गाठायचे!

गेल्या पावसाळ्यात कळंबला आमच्या घरी हेच झाले. रात्री लाईट तीनदा ये-जा झाली आणि सकाळी संगणक मुका. उसाचा, दुधाचा, मजुरीचा सहा वर्षांचा हिशेब त्यात. एका दुकानदाराने "मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या" म्हणून सांगितले. थोरल्या मुलीला ते पटेना. तिने तपासले तर गेली होती फक्त वीजपेटी, म्हणजे एस.एम.पी.एस. त्यातून शिकलो ते येथे देतो.

पेटीचे काम : घरातली वीज २३० व्होल्टची, ए.सी. संगणकाला लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डी.सी. हा बदल ही पेटी करते.

तपासणी : प्रथम बोर्डाचा पॉइंट व वायर बघावी. मग प्लग काढून पेटीच्या सर्व पिना संगणकापासून सोडवाव्यात. मोठ्या २४ पिनी जोडातील हिरवी व शेजारची काळी तार वाकवलेल्या टाचणीने जोडावी आणि मगच प्लग लावावा. पंखा फिरला तर पेटीत जीव आहे. पण पंखा फिरला म्हणजे सगळे ठीक असे नव्हे. मीटर लावून पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळतात का ते पहावे. सगळ्या तारा काळ्याच असतील तर अंदाजाने हात घालू नये. जाणत्याकडून तपासून घ्यावे.

पेटी कधीही उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असतात. प्लग काढल्यावरही ते जीवघेणे ठरू शकतात.

निवड : पाच एच.पी.ची मोटार म्हणजे सुमारे ३,७०० वॅटची. हिशेबाच्या साध्या संगणकाला शंभर-दीडशे वॅट पुरतात. त्याला ३०० ते ४०० वॅटची चांगली पेटी भरपूर झाली. मात्र नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नका. लेबलावर १२ व्होल्टपुढे किती अँपियर लिहिले आहेत ते वाचा. २५ अँपियर असतील तर १२ गुणिले २५, म्हणजे ३०० वॅट. वर ४५० लिहिले आणि १२ व्होल्टला १५च अँपियर असतील, तर तिथे मिळणार १८० वॅट! काही कंपन्यांच्या संगणकांत पेटीचा आकार व पिना वेगळ्या असतात, म्हणून जुनी पेटी सोबत न्यावी.

जोडणी : प्लग काढून चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. जुन्या तारांचा मोबाईलवर फोटो घ्यावा. नवी पेटी चार स्क्रूंनी बसवावी. मग २४ पिनी जोड, प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनी जोड आणि डिस्कचा चपटा जोड लावावा. प्रोसेसरचा जोड राहिला तर पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. जोड एकाच बाजूने बसतो. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकते आहे असे समजावे. सुट्या केबलींच्या पेटीला जुन्या पेटीच्या केबली लावू नयेत. पिना सारख्या दिसल्या तरी आतला क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क जळू शकते. पेटीच्या मागे ११५/२३० चा खटका असल्यास तो २३० वरच हवा.

अर्थिंग : कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही. नवी पेटी घेऊन हा दोष जात नाही. वायरमन बोलावून आधी ते करून घ्या.

आमचा हिशेब शाबूत निघाला, कारण तो डिस्कमध्ये होता, पेटीत नव्हे. पण खराब पेटी डिस्कलाही सोबत नेऊ शकते. बियाण्याचे चार ऊस आपण बाजूला राखतोच ना? तशी हिशेबाची एक नक्कल पेनड्राइव्हवर आजच काढून ठेवा.