आधी कॉक बघ

मोटरसायकलबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात सगळं किलोमीटरमध्ये मोजलेलं असतं. इतक्या हजारांना ऑइल, इतक्या हजारांना एअर फिल्टर, इतक्या शेकड्यांना चेनला तेल. मालवण तालुक्यात राहून कच्च्या वाटांवर गाडी घालणाऱ्याने हे आकडे जरूर वाचावेत, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. इथे गाडी नुसती पडवीत उभी असली तरी गंजत असते. वर्षभर खारं वारं, पावसाळ्यात धो धो पाणी आणि उन्हाळ्यात चिरेखाणींच्या रस्त्यावरची तांबडी धूळ. या तिघांना किलोमीटर कळत नाहीत.

आपल्याकडे डर्ट बाईक म्हणतात ती बहुतेक वेळा खरी डर्ट बाईक नसते. दिवे नसलेली, पासिंग न होणारी शर्यतीची गाडी सिंधुदुर्गात क्वचितच दिसेल. इथे हिरोची 2011 मधली इम्पल्स, 2019 मध्ये आलेली एक्सपल्स 200, नाहीतर एखादी हिमालयन. माझी इम्पल्स जुनी आहे आणि तिची कामं मी घरीच करतो. गावातली पोरं आणि सुट्टीत मुंबईहून येणारे भाचे आपापल्या गाड्या घेऊन येतात, त्यामुळे इतरांच्या फजित्याही बघायला मिळतात. पहिली मात्र माझीच.

आचऱ्याकडून सड्यावर चढलो की गाडी थोडं अंतर नीट चालायची आणि मग गुदमरून बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. मी प्लग बदलला. मग कार्बोरेटर उतरवला, जेट साफ केले, फ्लोट तपासला, परत बसवला. गाडी तशीच. शेवटी ढकलत गॅरेजवाल्या मामांकडे नेली. त्यांनी पाना उचललाच नाही. टाकीचं झाकण उघडलं, तसा आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला. किक मारली, गाडी सुरू. टाकीत हवा जायची जी बारीक वाट असते, ती कुंभारमाशीने चिखलाने लिंपून टाकली होती. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यावी लागते. ती आली नाही की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरायचं थांबतं. थोडा वेळ गाडी उभी राहिली की कुठल्यातरी फटीतून हवा झिरपते आणि गाडी पुन्हा शहाणी होते. मामा एवढंच म्हणाले, "गाडयेक काय झाला नाय, तुकाच झालाहा. आधी कॉक बघ, झाकण बघ, मगे पानो हातीत घे मेल्या."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. गाडी बंद पडली की आधी किल स्विच. हसू नका, फांदीला किंवा हातमोज्याला लागून तो दाबला जातो आणि माणूस मैलभर गाडी ढकलतो, हे मी पाहिलं आहे. मग पेट्रोलचा कॉक, मग टाकीचं झाकण उघडून आवाज ऐकणं, मग प्लगची टोपी घट्ट आहे ना ते. नव्या गाड्यांत साइड स्टँडचाही स्विच असतो. त्यात वाळू-चिखल अडकला तर स्टँड वर असूनही गाडी गिअर टाकल्यावर बंद होते. या सगळ्याला पैसा लागत नाही आणि हातही काळे होत नाहीत. इंजिन उघडायची पाळी यानंतर येते, आणि बहुतेक वेळा येतच नाही.

कुंभारमाशीचं पुढचं लक्ष्य म्हणजे टाकीखाली लोंबणाऱ्या बारीक नळ्या आणि बरेच दिवस उभ्या गाडीचं सायलेन्सर. नळ्यांच्या तोंडांवर नजर टाकायची सवय लावून घ्यावी. उंदीर हा वेगळाच प्रकार. पावसात त्याला कोरडी जागा हवी असते आणि एअर फिल्टरच्या डब्यासारखी दुसरी नाही. सोडणाचे धागे आणि कागदाचे कपटे भरलेला डबा मी दोनदा तरी उघडला आहे. डब्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधली तर गाडीच्या श्वासाला फरक पडत नाही.

फिल्टर म्हटलं की आमच्याकडची हमखास चूक आठवते: पंक्चरवाल्याकडे जाऊन फिल्टरवर हवेचा फवारा मारणं. आपल्या रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. त्यावर जोरात हवा मारली की कागदात बारीक भोकं पडतात, तेल उडून जातं, वरून मात्र तो स्वच्छ दिसतो. मग जांभ्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढते. हा फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो, आणि खाणींच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने पुस्तकातल्या निम्म्या अंतरात. स्पंजचा फिल्टर मात्र धुता येतो. आधी रॉकेल, मग साबणाचं पाणी, सावलीत पूर्ण वाळवणं आणि शेवटी फिल्टरचं तेल चोळून जादाचं पिळून काढणं. शेवटची पायरी विसरून कोरडा स्पंज बसवणारे खूप. कोरड्या स्पंजातून धूळ गाळली जात नाही. शिवाय डबा उघडा असताना आत धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं कोंबलं असेल, तर झाकण लावण्यापूर्वी ते काढावं. एक भाचा दुपारभर किक मारत बसला होता.

आता पाणी. सड्यावरून चिखलाने भरून आलेली गाडी लोक सरळ वॉटर सर्व्हिसिंगला नेतात आणि ती चकचकीत होऊन आली की खूश होतात. त्या प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगांत, हँडलच्या बेअरिंगांत आणि मागच्या स्विंगआर्मच्या बुशांत घुसतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि आत राहतं. महिन्याभराने हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटायला लागतं. घरच्या विहिरीचं पाणी, साधा पाइप आणि मऊ ब्रश पुरे. सायलेन्सरचं तोंड झाकायचं, आणि धुऊन झाल्यावर गाडी दहा मिनिटं सुरू ठेवायची. पण सायलेन्सरला कोंबलेला बोळा काढून!

खाऱ्या पाण्याची गोष्ट याहून गंभीर. वाळूवर गाडी घालणं मुळातच नको. नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालतात आणि चाकाखाली घरटं आलं तर आपल्याला कळतही नाही. सड्यावरही वाट सोडू नये. कुडोपीच्या कातळावरची खोदचित्रं माणसाने कित्येक पिढ्यांपूर्वी कोरली आहेत, त्यांच्यावर टायरचे पट्टे उमटवण्यात मर्दुमकी नाही. पण खाडीकाठच्या रस्त्यावर भरतीचं पाणी येतं आणि त्यातून जावं लागतं, हे खरंच आहे. तसं गेलात तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. सकाळपर्यंत थांबू नका. स्पोकची टोकं आणि ब्रेक कॅलिपरच्या पिना सगळ्यात आधी धरतात. पिना अडकल्या की ब्रेक लागतो पण सुटत नाही, आणि लायनर एकाच बाजूने झिजतो.

ओहोळात गाडी बुडून बंद पडली तर स्टार्टर दाबायचा मोह टाळायचा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर उडू द्या, फिल्टर वाळवा. ऑइलच्या खिडकीत बघा: रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर पाणी आत गेलं आहे. ते ऑइल काढून टाका, नवं घाला, थोडं चालवून पुन्हा बदला. ऑइलचे पैसे जीवावर येतात, पण क्रँकचे त्याहून जास्त येतात.

ऑइलवरून आणखी एक. घरात कारचं महागडं ऑइल उरलं म्हणून ते मोटरसायकलला घालू नये. आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. मग इंजिन ओरडतं आणि गाडी चढावर जागची हलत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं पाहून घ्यावं. ड्रेन बोल्ट आवळताना लांब पाना घेऊन जोर लावणारेही पुष्कळ. बोल्ट लोखंडाचा, केस ॲल्युमिनियमची. आटे कोण सोडणार हे उघड आहे. दर वेळी नवा वायसर घातला तर बेताच्या जोरावरही गळत नाही. प्लगही आधी बोटांनी फिरवून बसवावा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका जातो आहे.

चेनबद्दल थोडक्यात. पेट्रोल आणि तारेचा ब्रश यांनी ओ-रिंगवाल्या चेनचं आतलं ग्रीस संपतं. रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा, वरून 90 नंबरचं गिअर ऑइल. खोबरेल तेल नको. चेन लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं, उलट बसवली तर क्लिप उडते. आणि लांब सस्पेन्शनच्या गाडीची चेन उभ्या गाडीवर छान ताठ दिसत असेल तर ती नक्की जास्त ताणलेली आहे. दोन माणसांना बसवून मागचं चाक दाबा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत घट्ट असते. ढील तिथेही थोडी उरायला हवी.

पावसाळ्यासाठी बरेच जण गाडीच्या पोटाला जुनं ऑइल आणि डिझेल मारतात. चासीला ठीक, पण फवारा ब्रेक डिस्कवर आणि रबराच्या भागांवर जाऊ देऊ नये. जून ते ऑगस्ट गाडी उभीच राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल सोडून द्या, कॉक बंद ठेवा, टाकी मात्र भरून ठेवा. अर्धी टाकी दमट हवा ओढते, आणि आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी धरून ठेवतं. नारळी पौर्णिमेनंतर गाडी बाहेर काढाल तेव्हा आधी कॉक उघडा आणि वाटीखालचा स्क्रू सोडून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा, मग किक मारा.