घासणे आणि घसरणे

काडेपेटीवर काडी ओढली की भुर्रकन पेटते. पेटी ओली झाली, की दहादा ओढा, पेटत नाही. असे का होते बरे?

दोन वस्तू एकमेकींवर घासल्या, म्हणजे एक दुसरीला अडवते. या अडवण्याला घर्षण म्हणतात. शाळेत मुलांना हा धडा असतो. घर्षणाने उष्णता होते. थंडीत आपण तळहात चोळतो, ते त्यासाठीच. पेटीच्या बाजूला तांबडा फॉस्फरस आणि काचेची पूड लावलेली असते. त्यावर काडी घासली, की उष्णता होऊन टोक पेटते. ओली बाजू मऊ पडते. तिथे काडी नुसतीच सरकते. अंबरनाथला पूर्वी विमको कंपनीचा काडेपेट्यांचा मोठा कारखाना होता. तिथला सारा धंदा या घासण्यावरच चाले!

अंबरनाथ पूर्वेला वालधुनी नदीकाठी शंकराचे जुने देऊळ आहे. ते इ. स. १०६० मधले. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. दगडी पायरी ओली असली, की जपून पाऊल टाकावे. शेवाळ धरले असेल, तर दगड पायाला अडवतच नाही. घर्षण कमी झाले, की पाय सटकतो. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर महिनोन्‌महिने त्रास होतो. म्हणून आपल्या विहिरीवरचे, न्हाणीतले शेवाळ खराट्याने घासून काढा. निसरड्या वाटेवर वाळू टाका. आगगाडीचे इंजिनसुद्धा चाके घसरू लागली, की रुळांवर वाळू सोडते.

बैलगाडीच्या आसाला मात्र वंगण घालायचे. तिथे घर्षण वाढले, तर बैलांना ओढ जड जाते. वंगण वाटेत सांडले, तर लगेच त्यावर माती टाका.