पाण्यामागे गेलेली आगगाडी

मंडळी, आज आपण मनाने ऑस्ट्रेलिया देशात जाऊ. तिथल्या वाळवंटात एका जुन्या आगगाडीची वाट आहे. तिच्या कडेने मोटारीने जाता येते. मॅरी गावाहून निघायचे, ऊडनाडट्टाला पोचायचे. अंतर सुमारे ४०० किलोमीटर. रस्ता कच्चा.

वाटेत झरे लागतात. वाळवंटात झरे कसे? तिथे जमिनीखाली खोल पाणी आहे. ते काही जागी आपोआप वर येते. अरबाना नावाच्या आदिवासींना हे झरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कोळशाच्या इंजिनाला पाणी लागते. म्हणून रूळही झऱ्यांच्या वाटेनेच टाकले. काम १८७८ साली सुरू झाले. गाडी १८८४ साली मॅरीला, १८९१ साली ऊडनाडट्टाला आणि १९२९ साली पुढे ॲलिस स्प्रिंग्जला पोचली.

रूळ नव्हते तिथे उंट माल वाहत. हे उंट आपल्या बाजूचेच बरं का! १८६६ च्या सुमारास शंभराहून जास्त उंट कराची बंदरातून जहाजाने गेले. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. उंटवाले अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा मुलखांतले. पण तिकडे सगळ्यांनाच अफगाण म्हणत. त्यावरून गाडीला ‘घॅन’ नाव पडले, असे सांगतात.

पुढे नील्स नदीवर लोखंडी पूल दिसतो. तो १८९२ सालचा, ५७८ मीटर लांब. एरवी नदी कोरडी. मग एवढा पूल कशाला? कारण पाऊस क्वचित, पण आला की महापूर. रूळ वाहून जात. गाडी दिवसच्या दिवस अडकून पडे. वाळवी रुळांखालचे लाकूड खाई. शेवटी १९८० साली पश्चिमेकडून नवा मार्ग झाला आणि जुना बंद पडला. पाण्याने गाडी आणली, पाण्यानेच घालवली.

या वाटेने जाणाऱ्याने भरपूर पाणी घ्यावे. कुठे जातो, कधी पोचणार, हे कुणाला तरी सांगावे. मोटार बंद पडली तर ती सोडून चालू लागू नये. मोटारीची सावली मिळते, ती लांबून दिसते. उन्हात चालत गेलेला माणूस सापडणे अवघड.

पाऊस झाला की रस्ता बंद करतात. रस्त्याच्या तोंडाशी तशी पाटी असते. म्हणून आम्ही म्हणतो, जो पाटी वाचतो, तो वाचतो.