प्रयोगशाळेचा दाखला कसा वाचावा?

हल्ली कापडाच्या दुकानात बसणाऱ्यालाही जडीबुटीचे चूर्ण, तेल, माजून यांची एजन्सी घ्या म्हणून माणसे गाठतात. नफा भरपूर सांगतात आणि ‘लॅब टेस्टेड’ असा कागद पुढे करतात. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने असाच एक कागद आणून गादीवर ठेवला. म्हणाला, “मामू, रिपोर्ट खरा आहे. मी फोन करून खात्री केली.” रिपोर्ट खराच होता. पण चूर्ण होते साखरेच्या आजारावरचे, आणि तपासणी झाली होती दोन जातींच्या जंतूंवर! साखरेचा त्यात शब्दही नव्हता.

आपण कापडवाले यात फसायला नको. धुण्यात रंग किती टिकतो याला प्रयोगशाळा १ ते ५ गुण देते, उन्हात किती टिकतो याला १ ते ८. धुण्याचे गुण ५ मिळाले म्हणून पडद्याचे कापड उन्हात विटणार नाही असे कोणी जाणकार म्हणणार नाही. ज्याची तपासणी केली तेवढेच कळते. औषधाचेही तसेच.

जंतूंवरची ही तपासणी समजायला अवघड नाही. काचेच्या बशीत समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगारचा घट्ट थर ओततात, त्यावर जंतू सारखे पसरतात. मग ६ मिलिमीटरची कागदी टिकली वनस्पतीच्या अर्कात भिजवून, वाळवून त्यावर ठेवतात. बशी माणसाच्या अंगाइतक्या उबेत रात्रभर राहते. सकाळी जंतूंची दाट साय दिसते. अर्काने जंतूंची वाढ रोखली असेल तर टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ पडते. ते पट्टीने मोजायचे. इस्पितळात रुग्णाच्या जंतूवर कोणते अँटिबायोटिक चालेल हेही याच रीतीने पाहतात. १९६६ साली या रीतीचे नियम पक्के बांधले गेले.

पण वर्तुळ पाहून भुलू नये. अर्क काढायला स्पिरिट वापरले असेल तर स्पिरिट स्वतःच जंतू मारते. म्हणून नुसत्या स्पिरिटची एक टिकली आणि माहितीच्या औषधाची एक टिकली त्याच बशीत हवी. त्या नसतील तर रिपोर्ट अर्धाच. दुसरे असे की जो पदार्थ अगारमध्ये लवकर पसरतो त्याचे वर्तुळ मोठे येते. मोठे वर्तुळ म्हणजे जास्त गुणकारी असे नव्हे. आपल्या ब्लिचिंगच्या पाण्याची टिकली ठेवली तरी झकास वर्तुळ पडेल, म्हणून ते कोणी पीत नाही. पोटातले आम्ल, यकृत, सगळ्या अंगात फिरणारे पाच लिटर रक्त, यातून औषध किती शिल्लक राहते हे बशीला काय माहीत?

मग वनस्पतीचा गुण सिद्ध होतो कसा? असरोलचे उदाहरण घ्या. मराठीत तिला सर्पगंधा म्हणतात. हकीम-वैद्य तिचे मूळ वेड आणि निद्रानाश यांवर देत आले होते. हकीम अजमल खानसाहेबांना देशी दवांची तपासणी नव्या विद्येने व्हावी असे वाटे. त्यांच्या प्रेरणेने जर्मनीत शिकून आलेले सलीमुज्जमां सिद्दिकी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात या कामाला लागले. १९३१ साली त्यांनी असरोलच्या मुळातून अनेक क्षारद्रव्ये वेगळी काढली आणि एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून ‘अजमलीन’ नाव दिले. हकीमसाहेब १९२७ मध्येच वारले होते. त्याच १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ रक्तदाबावर चालते असे छापले.

तरीही जगाने मान्य केले ते माणसांवर पाहिल्यावरच. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना हे औषध देऊन, दाब आधी आणि नंतर मोजून, १९४९ मध्ये लंडनच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये हिशेब मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातले मुख्य द्रव्य रेसर्पीन वेगळे केले. आणि मग उलटी बाजूही दिसली: नाक चोंदते, काही जणांचे मन खिन्न होते. आज तिची जागा बहुतेक नव्या औषधांनी घेतली आहे. म्हणजे जी दवा खरोखर उतरली तिचाही तोटा तपासणीनेच कळला. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त हेच पटते.

साध्या गोळीचीही तपासणी चालूच असते. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत औषध ९५ ते १०५ टक्क्यांच्या आत हवे, शिवाय ती ठरल्या वेळात पाण्यात विरघळली पाहिजे. न विरघळणारी गोळी जशीच्या तशी बाहेर पडते. हे दर बॅचला पाहायचे असते. जडीबुटीत तर हे जास्त गरजेचे, कारण मुळांचा कस जमिनीप्रमाणे, हंगामाप्रमाणे बदलतो, आणि असरोलमध्ये तिच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडांची मुळे मिसळतात. सांधेदुखीच्या चूर्णात चोरून स्टेरॉइड घातल्याचेही अनेकदा उघड झाले आहे. दोन दिवसांत आराम पडला तर आधी हा संशय घ्यावा.

तेव्हा कागद हाती आला की बॅच नंबर डब्याशी जुळतो का पाहा. ‘निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता’ ही खालची बारीक ओळ वाचा. तुकडा आणि गाठ यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. तपासणी बशीत, जनावरावर की माणसांवर, आणि कोणत्या आजारावर, हे विचारा. पारा, शिसे आणि स्टेरॉइडची तपासणी मागा. उत्पादकाचा आयुर्वेदिक किंवा युनानी परवाना क्रमांक डब्यावर हवाच.

भाच्याने एजन्सी घेतली नाही, पण कंपनीने दिलेला ‘साखर कायमची बंद’ असा फलक मात्र दुकानाबाहेर आधीच लावला होता. तो मी त्याच दिवशी उतरवायला लावला. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याच्या यादीत मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, आणि अशा जाहिरातीत भाग घेणारा दुकानदारही त्यात सापडतो.