पंचेचाळीस दिवसांचा कळवळा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत, एडिसनला असतो. वय ५७. एकाच सॉफ्टवेअर कंपनीत एकोणीस वर्षं काढली. कंपनीने परवा बारा जणांना एकदम नारळ दिला, त्यात हाही. सोबत कागदांचा गठ्ठा : पाच महिन्यांचा पगार देतो, त्याबदल्यात आमच्यावर दावा लावणार नाही अशी सही करा, विचार करायला ४५ दिवस घ्या. एका दुपारीत माणसाला घरी बसवणाऱ्या कंपनीला सहीसाठी मात्र दीड महिना थांबायचा कळवळा कुठून आला? आणि वयावरून काढलं म्हणून तिथे कोर्टात जाता येतं का? – एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : कळवळा कसला! कायद्याने हात बांधलेत म्हणून थांबले आहेत.

एरवी अमेरिकेत खासगी नोकरीवरून काढायला कारणही द्यावं लागत नाही. मात्र काही कारणांसाठी काढायला बंदी आहे आणि चाळिशी गाठलेल्या माणसाचं वय हे त्यातलं एक. १९६७ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने हा कायदा झाला. तेव्हा संरक्षण ६५ वर्षांपर्यंतच होतं. १९७८मध्ये ते ७०पर्यंत नेलं आणि १९८६मध्ये वरची मर्यादाच काढून टाकली. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीला तो लागू होतो. भाऊ अमेरिकेचा नागरिक आहे की नाही, याने फरक पडत नाही.

मग कंपन्यांनी वाट काढली : थोडे पैसे हातावर ठेवायचे आणि हक्कसोडपत्र लिहून घ्यायचं. हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. भावांसाठी असल्या कागदावर सही केलेल्या बहिणी आपल्याकडे घरोघरी आहेत. या खेपेला कागद भावापुढे आला आहे, एवढंच. तर १९९०मध्ये अमेरिकी संसदेने या सह्यांनाच नियम लावले. मजकूर समजेल अशा भाषेत हवा. वकिलाला दाखवा, असं त्यात लेखी सांगायला हवं. एकट्याला काढलं तर विचाराला २१ दिवस, अनेकांना एकदम काढलं तर ४५. आणि सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. ४५ दिवस न वापरता आधी सही करायला माणूस मोकळा आहे, पण हे सात दिवस कुणालाच कमी करता येत नाहीत.

नियम मोडले तर काय होतं? लुइझियानातल्या डोलोरेस ऊब्रे या बाईंना एन्टर्जी कंपनीने विचाराला १४च दिवस दिले होते आणि सही मागे घ्यायची सोय ठेवलीच नव्हती. बाईंनी सही केली, हप्त्याहप्त्याने ६,२५८ डॉलर घेतले आणि नंतर दावा ठोकला. आधी पैसे परत करा, मग बोला, हे कंपनीचं म्हणणं. १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं : सोडपत्र कायद्यात बसत नाही, तेव्हा पैसे परत न करताही दावा चालेल. भावाच्या कंपनीचे वकील ४५ दिवस का मोजून देतात, ते यावरून कळेल.

आता भावाला गठ्ठ्यातलं शेवटचं पान काढायला सांगा. अनेकांना एकदम काढताना, ज्या विभागातून निवड झाली तिथल्या कोणाला काढलं आणि कोणाला ठेवलं याचा तक्ता जोडावा लागतो. नावं नसली तरी चालतं, पण हुद्दा आणि वय हवंच. ‘चाळीस ते पन्नास’ असा मोघम गट चालत नाही. म्हणजे समजा : सीनियर प्रोग्रॅमर, ५७, काढले. सीनियर प्रोग्रॅमर, ६१, काढले. सीनियर प्रोग्रॅमर, ३३, ठेवले. सीनियर प्रोग्रॅमर, २९, ठेवले. हक्क सोडून द्या म्हणणाऱ्या कागदालाच तो हक्क किती वजनाचा आहे याचा अंदाज टाचलेला असतो! लोक पहिल्या पानावरचा आकडा बघतात, सही करतात आणि हा तक्ता उलगडतसुद्धा नाहीत.

मात्र तक्ता म्हणजे निकाल नव्हे. आयोवातल्या जॅक ग्रोस यांना ५४व्या वर्षी हुद्द्यावरून खाली उतरवलं गेलं. त्यांच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की वय हे अनेक कारणांपैकी एक होतं एवढं पुरत नाही. वय आड आलं नसतं तर हे घडलंच नसतं, असं नोकराने सिद्ध करायला हवं. माझ्या मते हा निकाल नोकरदारावर अन्याय करणारा आहे. कंपनी कधी ‘तुम्ही म्हातारे झालात’ असं लिहून देते का? ती म्हणते, ‘संघात नवी ऊर्जा हवी.’ म्हणून अशी वाक्यं कोण, कधी, कोणासमोर बोललं, ते भावाने आजच वहीत उतरवावं. गेल्या काही वर्षांचे कामाचे शेरे चांगले असतील तर तेही कामी येतील. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र स्वतःच्या मेलवर धाडू नयेत. उलट तोच गळफास होतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे, पण केंद्रीय कायद्याखाली थेट कोर्टाची पायरी चढता येत नाही. आधी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करावी लागते. तिला फी नाही. न्यू जर्सीत मुदत ३०० दिवस. ते शेवटच्या कामाच्या दिवसापासून नव्हे, काढल्याचं कळवलं त्या दिवसापासून मोजतात. तक्रारीनंतर ६० दिवस गेले की दावा लावता येतो. बुडालेला पगार मिळतो आणि कंपनीने जाणूनबुजून केलं असेल तर तेवढीच रक्कम आणखी. मनस्तापाचे पैसे केंद्रीय कायदा देत नाही, न्यू जर्सी राज्याचा कायदा देतो. त्या कायद्याखाली दोन वर्षांत सरळ राज्याच्या कोर्टात जाता येतं. कोणती वाट धरायची, हे तिथल्या नोकरीविषयक वकिलाने ठरवावं. खटला करायचा नसला तरी वकिलाला दाखवलेला कागद पाच महिन्यांचे सात महिने करून आणू शकतो.

तुमचा भाऊ अजून एच-१बी व्हिसावर असेल, तर नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी नोकरी किंवा दुसरी सोय बघावी लागते. हे घड्याळ वेगळं आहे आणि ते ४५ दिवसांसाठी थांबत नाही.

जाता जाता आपल्याकडचं. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात सरकारी नोकरीतल्या भेदभावाची निषिद्ध कारणं मोजली आहेत : धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास. वय त्यात नाही. १९८१च्या नर्गेश मिर्झा खटल्यात एअर इंडियाच्या हवाईसुंदरींनी ३५व्या वर्षी निवृत्त करण्याला आव्हान दिलं, तेव्हा न्यायालयाने पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारी अट रद्द केली आणि पस्तिशीनंतरची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर ठेवणंही. पस्तिशी मुळात का, हा प्रश्न मात्र तसा बाजूलाच राहिला.

तुमच्या पत्रात कागद कोणत्या तारखेला हातात पडले ते लिहिलेलं नाही. आज संध्याकाळी सात-साडेसातला फोन करा, तिकडे सकाळ असते. आधी ती तारीख विचारा.